काटा, पू आणि काचपट्टी

वसंतातल्या व्याख्यानाला विषय घ्यावा तो संतकाव्याचा, शिवकालाचा, फार तर कापसाच्या भावाचा, असा आपल्या गावोगावचा रिवाज आहे. तो सोडून आम्ही पू हा विषय घेतला, ह्याचे काहींना नवल वाटेल आणि काहींना किळस येईल. किळस येणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या वस्तूची किळस येते तिच्याकडे माणूस नीट पाहत नाही, आणि जिच्याकडे नीट पाहिले जात नाही तिच्याविषयी वाटेल ते समज शतकानुशतके चालू राहतात. पुवाच्या बाबतीत तसेच झाले. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याचा अर्थ लावण्याची खटपट सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्या खटपटीचा एक मोठा भाग आपल्या मुंबईत, आपल्याच शेतकऱ्या-मजुरांच्या अंगावरील जखमांतून झाला. तो इतिहास येथे सांगावयाचा आहे.

गळू, करट, केसतूड, नासूर, गंडमाळ, काळपुळी, नखुरडे! आपल्या भाषेत ह्या शब्दांची वाण नाही. जो समाज उन्हातान्हात, अनवाणी, काट्याकुट्यांतून काम करीत आला त्याच्या बोलीत ही रेलचेल असायचीच. सुश्रुतसंहितेत तर सूज कच्ची आहे, पिकत आहे, की पिकली आहे, हे ओळखण्यासाठी सबंध एक अध्याय खर्ची घातलेला आहे. कच्चे गळू कापणारा वैद्य आणि पिकलेले तसेच सोडून देणारा वैद्य, दोघेही त्या ग्रंथकाराने सारखेच निंद्य मानले. निरीक्षण अव्वल दर्जाचे आहे यात संशय नाही. मात्र त्या अडाणी वैद्यांना दिलेली शिवी एका अस्पृश्य मानलेल्या जातीच्या नावाची आहे, हेही वाचणाराने नजरेआड करू नये. युरोपात वेगळाच समज होता. घट्ट, पांढरा, फारसा वास नसलेला पू आला की शल्यवैद्य समाधानाचा निःश्वास टाकीत. त्याला ते 'प्रशस्त पू' म्हणत. पातळ, रक्तमिश्रित पू आला की रोगी हातचा गेला असे धरून चालत. अनुभवाचा थोडा अंश ह्या समजुतीतही होता. पण पू म्हणजे काय, तो येतो कोठून, ह्याचे उत्तर दोन्हीकडच्या पंडितांजवळ नव्हते.

ते उत्तर बेडकाने दिले. १८४० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅडिसन आणि वॉलर ह्या दोघांनी रक्तातले पांढरे कण केशवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर पडतात, असे लिहून ठेवले होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १८६७ साली बर्लिनमध्ये युलिउस कोनहाइम ह्याने बेडकाच्या आतड्याभोवतीचे पातळ पटल पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि तासन् तास पाहत बसला. सुजलेल्या जागी रक्ताचा वेग मंदावला, पांढऱ्या पेशी वाहिनीच्या काठाला चिकटल्या, आणि एकेक करून भिंतीतून अंग चोरून बाहेर आल्या. पुवातली पेशी ती हीच! त्याचे गुरू फिर्खो ह्यांचे मत असे होते की पुवाच्या पेशी त्या जागच्या मांसातूनच उपजतात. शिष्याने गुरूच्याच संस्थेत बसून ते मत मोडले. विद्येच्या क्षेत्रात हे घडते तेव्हाच ती पुढे जाते.

परंतु ह्या पेशी बाहेर येतात त्या कशासाठी? येथे काटा आला. १८८२ साली इटलीच्या मेसिना गावी एल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रातल्या तारामाशाच्या डिंभांचा अभ्यास करीत होता. हे डिंभ काचेसारखे पारदर्शक असतात. त्याने त्यांच्या अंगात काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. माणसाच्या पायात काटा मोडून राहिला की भोवती पू धरतो, ते आणि हे एकच, असा निष्कर्ष त्याने काढला. ह्या पेशी परक्या वस्तूला गिळण्यासाठी धावून येतात. त्यांना 'भक्षकपेशी' हे नाव मिळाले आणि मेचनिकॉफला १९०८ चे नोबेल पारितोषिक, एर्लिख ह्यांच्याबरोबर विभागून. तेव्हा पू ही घाण आहे असे म्हणणे अर्धवट आहे. जे लढले आणि जागच्या जागी मेले त्यांचा तो खच आहे.

लढले ते कोणाशी, हे अबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन ह्या शल्यवैद्याने दाखविले. आपल्या राहत्या घराच्या आवारात छोटीशी प्रयोगशाळा थाटून १८८० च्या सुमारास तो रोग्यांच्या गळवांतला पू तपासू लागला. ठणकणाऱ्या, तापलेल्या गळवात त्याला गोल जंतूंचे घोस दिसले. द्राक्षांच्या घडावरून त्याने त्यांना १८८२ साली 'स्टॅफिलोकोकस' हे नाव दिले. आणि जी गळवे थंड होती, महिनोन् महिने न ठणकता वाढत होती, त्यांत हे जंतू मुळीच सापडले नाहीत. ही थंड गळवे बहुशः क्षयाची असत. त्याच साली कॉखने क्षयाचा जंतू शोधला आणि हेही कोडे सुटले. १८८४ मध्ये ग्रॅम ह्या डेन्मार्कच्या वैद्याने जंतू रंगविण्याची जी युक्ती काढली ती आजही जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत रोज वापरली जाते.

ती तपासणी कशी होते हे येथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे समजावयास सोपे जाईल. पुवाचा एक थेंब काचपट्टीवर पातळ पसरतात, वाळवितात, ज्योतीवरून फिरवितात. मग जांभळा रंग, आयोडिन, मद्यार्काची धुणी, आणि शेवटी लाल रंग. काही जंतू जांभळे राहतात, काही गुलाबी होतात. त्यावरून त्यांची जात आणि औषधाची दिशा कळते. पण जाणता तंत्रज्ञ जंतूंच्या आधी पेशी पाहतो. तीन-चार खंडांचे केंद्रक असलेल्या न्यूट्रोफिल पेशी गर्दीने असल्या तर लढाई ताजी आहे. त्यांच्या पोटात जंतू दिसले तर ते जंतू खरोखर आतलेच, बाहेरून चिकटलेले नव्हेत. न्यूट्रोफिल थोडे आणि गोल केंद्रकाच्या लहान लिंफोसाइट पेशी व मेलेला चुरा पुष्कळ, तर क्षयाची शंका घ्यावी आणि त्याचे वेगळे रंजन करावे. आणि पेशी जवळजवळ नाहीतच, नुसती कातडीची सालपटे आहेत, तर तो नमुनाच चुकीचा घेतला. वरचा मळ पुसून आणला, आतला पू नव्हे. एवढे सगळे एका थेंबात असते. काम तासाभराचे आणि खर्च थोडका. जंतू वाढवून पाहायला मात्र दिवस लागतात, क्षयाला तर आठवडे.

आता मुंबईकडे वळू. १८५८ साली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचा सत्तावीस वर्षांचा इंग्रज वैद्य मुंबईला उतरला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागला. हा चित्रकाराचा मुलगा. ग्रे ह्यांचे शरीररचनेचे जे जगप्रसिद्ध पुस्तक त्याच साली निघाले त्यातली सगळी चित्रे ह्याच्या हातची. पुस्तकाच्या प्रत्येक हजार प्रतींमागे ग्रेसाहेबांना दीडशे पौंड मिळावयाचे ठरले होते; कार्टरला एकदाच दीडशे पौंड देऊन वाटेला लावले, आणि छापताना मुखपृष्ठावरचे त्याचे नावही लहान टाइपात करावयास लावले. ज्यांनी उभा जन्म मजुरीचे हिशेब तपासण्यात घालविला आहे त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. असो.

मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात कार्टरसमोर एक विलक्षण रोग आला. पाय सुजून बेढब होतो, त्यावर गाठी येतात, गाठी फुटून छिद्रे पडतात, छिद्रांतून पातळ पू वाहतो, आणि त्या पुवातून खसखशीएवढे, कधी मोहरीएवढे दाणे पडतात. काही पायांतले दाणे काळे कुळकुळीत, काहींतले पांढरट-पिवळे, क्वचित तांबडे. पाय आतून पोखरला जातो, हाडेही सुटत नाहीत. मद्रास इलाख्यातल्या मदुरा येथे हा रोग १८४० नंतरच्या दशकात इंग्रज वैद्यांनी नोंदला होता म्हणून त्याला 'मदुरा-पाय' म्हणत. आपल्याकडे सुश्रुताने हातापायांवर वारुळासारखी वाढणारी आणि अनेक तोंडांनी फुटणारी गाठ 'वल्मीक' म्हणून वर्णिली आहे ती हीच असावी, असे जाणकार मानतात. पायाचे वारूळ झालेला माणूस ज्याने पाहिला आहे त्याला ह्या नावाची यथार्थता पटेल.

कार्टरने इतरांनी फेकून दिलेली वस्तू उचलली. ते दाणे त्याने फोडले, काचेवर चिरडले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि चित्रकाराच्या हाताने जसेच्या तसे काढले. दाण्यात त्याला बुरशीचे तंतू दिसले. १८६० साली मुंबईच्या वैद्यकीय सभेच्या वृत्तान्तात त्याने हे प्रसिद्ध केले आणि पुढल्या वर्षी रोगाला 'मायसेटोमा' म्हणजे बुरशीची गाठ असे नाव दिले. बुरशीमुळे माणसाच्या शरीरात इतका खोलवर रोग होऊ शकतो ही कल्पनाच त्या काळी नवी होती. कॉखची जंतूंवरची पहिली कामगिरी ह्यानंतर सोळा वर्षांनी आली, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या माणसाची झेप लक्षात येते.

पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून त्याने नऊ वर्षे काढली. १८७४ मध्ये मायसेटोमावर त्याचा ग्रंथ निघाला, चित्रांसह. त्यावर कलकत्त्याच्या लुईस आणि कनिंगहॅम ह्या दोघा संशोधकांनी हरकत घेतली की हे दाणे रोगाचे कारण नसून सडलेल्या मांसात मागाहून आलेले आगंतुक आहेत. वाद चांगलाच रंगला. कार्टरची एक बाजू खरोखरच लंगडी होती. दाण्यांवरून उगवलेल्या एका तांबड्या बुरशीला इंग्लंडच्या बर्कली ह्यांनी कार्टरचेच नाव दिले होते आणि तीच रोगाचे मूळ असे काही काळ मानले गेले. ती हवेतून येऊन बसलेली निघाली. तथापि मुख्य मुद्दा खरा ठरला. १८९४ साली अल्जीरियात व्हिन्सेंट ह्यांनी पांढऱ्या दाण्यातला सजीव वेगळा वाढवून दाखविला, १९०५ च्या सुमारास ब्रुंप्ट ह्यांनी काळ्या दाण्याच्या बुरशीचे नामकरण केले, आणि १९१३ मध्ये पिनॉय ह्यांनी सांगून टाकले की हे रोग दोन आहेत. काळ्या दाण्यांचा बहुतेक बुरशीचा. तांबड्यांचा, आणि पांढऱ्या-पिवळ्यांपैकी पुष्कळांचा, तंतूसारख्या वाढणाऱ्या जंतूंचा. बाहेरून पाय दोन्हींत सारखाच दिसतो.

ह्या दाण्याभोवती पेशी काय करतात ते पाहण्याजोगे आहे. आमच्या चळवळीतला शब्द वापरायचा तर त्या दाण्याला घेराव घालतात. काचपट्टीवर मधोमध दाणा, त्याच्या कडेला चिकटून न्यूट्रोफिलांची दाट रांग, त्यापलीकडे मोठ्या भक्षकपेशी, आणि त्याही पलीकडे चिवट तंतूंची तटबंदी. एरवी एकट्यादुकट्या जंतूला गिळून टाकणाऱ्या ह्या पेशी येथे हतबल होतात, कारण दाणा म्हणजे एकवटलेली, कवच धारण केलेली वसाहत आहे. ती गिळता येण्यासारखी नाही. पेशी मरतात, नव्या येतात, त्यांचा पू होऊन छिद्रावाटे वाहतो, आणि वाहताना दाणेही बाहेर घेऊन येतो. वर्षानुवर्षे हा घेराव उठत नाही आणि सुटतही नाही.

ह्या रोगाची आणखी एक खोड आहे. तो फारसा दुखत नाही. काटा मोडतो, गाठ येते, माणूस काम करीत राहतो. दुखत नाही म्हणून रजा नाही, मजुरी बुडत नाही, आणि दवाखान्याची पायरी चढली जात नाही. बाभळीचे काटे आणि पऱ्हाटीची खुंटे ह्यांतून अनवाणी चालणाऱ्यांचा हा रोग. गादीवर बसणाराला तो सहसा होत नाही. कार्टरच्या काळी त्यावर इलाज एकच होता, पाय तोडणे. आज तशी स्थिती नाही. दाणा जंतूंचा असेल तर गोळ्या आणि इंजेक्शने ह्यांनी, काही महिने चिकाटीने घेतल्यास, बहुतेक पाय वाचतात. दाणा बुरशीचा असेल तर औषध वेगळे, मुदत लांब, शस्त्रक्रिया बहुधा करावी लागते, आणि यशाची खात्री कमी. म्हणजे पाय राहील की जाईल हे पुष्कळदा त्या खसखशीएवढ्या दाण्याच्या जातीवर ठरते, आणि ती जात काचपट्टीशिवाय कळत नाही.

आमच्या माहितीतल्या एका जिनिंगमधल्या हमालाचा पाय असाच दोन पावसाळे वाहत होता. त्याने ज्या दवाखान्यात नाव घातले होते तेथे मलमपट्टी झाली, प्रत्येक वेळी निराळ्या गोळ्या झाल्या, शेवटी 'पाय काढावा लागेल' असे सांगून झाले. त्या दोन वर्षांत त्याच्या पुवाचा एक थेंबही कोणी काचेवर घेतला नव्हता. पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पट्टीवरचे पांढरे कण पाहिले, त्याला विचारले, "भाऊ, हे रोज पडतात का?" तो म्हणाला, "रोजच पडतात ताई, आम्ही झटकून टाकतो." तपासणीत जंतू निघाले, बुरशी नव्हे. पाय राहिला, मात्र अंगठा आखडलेलाच आहे आणि पोते उचलण्याचे काम गेले ते गेलेच.

कार्टरची राहिलेली हकीकत थोडक्यात सांगतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात देशावरची उपाशी माणसे मुंबईत लोटली आणि त्यांच्यात उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात कार्टरने त्यांचे रक्त तपासून त्यात वळवळणारे मळसूत्री जंतू दाखविले, आणि शवे तपासताना त्याला स्वतःलाही तो ताप झाला. १८८८ मध्ये तो मायदेशी परतला, १८९७ मध्ये क्षयाने वारला.

त्याच १८९७ साली मुंबईत दुसरेच पर्व चालू होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले, आणि प्लेग आला हे जाहीर झाले. गाठीत सुई घालून पू किंवा लस काढावी, काचेवर रंगवावी, तर सडलेल्या पेशींच्या राशीत दोन टोकांना गडद दिसणाऱ्या आखूड काड्या दिसतात. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला येरसिनने मेलेल्या माणसांच्या गाठींतून ते जंतू शोधले होते. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईला आला. हा ओडेसाचा, आणि त्याच काटेवाल्या मेचनिकॉफचा विद्यार्थी. त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सरंजामावर त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा पुढे परळला गेली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात.

विद्येच्या दृष्टीने हे पर्व तेजस्वी. परंतु आम्हांला त्याच महिन्यातली दुसरी एक नोंद विसरता येत नाही. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेले आणि त्यांनी ते फोडले. सरकारी कागदांत हा प्रकार अडाणी जमावाचा धुडगूस म्हणून उतरला. अडाणीपणा होताच. पण कामगारांनी पाहिले काय होते? घरात शिरणारे शिपाई पाहिले, रोग्याला उचलून नेताना पाहिले, आणि नेलेला माणूस बहुधा परत येत नाही हे पाहिले. पुढे आगगाडीच्या स्टेशनांवर उतारूंना, बायामाणसांनासुद्धा, उभे करून काखा-जांघा चाचपण्यात येऊ लागल्या. गाठीत सुई का घालतात, काचेवर काय दिसते, हे त्यांच्या भाषेत त्यांना सांगायला फारच थोडे लोक पुढे आले. कार्टरच्या रोग्याजवळ निदान डॉक्टर बसत होता. प्लेगच्या रोग्याजवळ डॉक्टरबरोबर पोलिसही आला. तीच सुई, तीच काच. पण पहिल्या वेळी लोकांनी पाय पुढे केला आणि दुसऱ्या वेळी दगड उचलला. ह्यात दोष काचेचा नाही, आणि नुसता लोकांचाही नाही.

त्या वेळी मुंबईत देशोदेशीची तज्ज्ञमंडळे आली होती. ऑस्ट्रियाच्या मंडळाने प्लेगचे जंतू अभ्यासासाठी व्हिएन्नाला नेले. तेथे ऑक्टोबर १८९८ मध्ये प्रयोगशाळेतला जनावरे सांभाळणारा नोकर फ्रान्झ बारिश प्लेगने मेला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. म्युलर, जे मुंबईला येऊन गेले होते, तेही गेले, आणि परिचारिका अल्बिने पेखाही गेली. वैद्यकाच्या इतिहासात म्युलर ह्यांचे नाव आदराने येते आणि ते यावेच. बारिश आणि पेखा ह्यांची नावे शोधावी लागतात. पू तपासणे हेही एक श्रमाचे आणि जोखमीचे काम आहे; नळ्या धुणारा, पिंजरे झाडणारा, नमुन्याची पेटी वाहणारा ह्यांच्या अंगावर ती जोखीम पहिली येते.

आणखी एक बाजू राहिली, ती कायद्याची. काळपुळी हा एकच शब्द आपल्याकडे दोन निराळ्या दुखण्यांना लावतात. एक मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांनी फुटणारे मोठे गळू. ते मधुमेह्यांना फार होते, त्यात पुवाचा महापूर असतो आणि काचेवर ऑग्स्टनचे द्राक्षघोस दिसतात. दुसरा अँथ्रॅक्स, लोकर, कातडी, हाडे हाताळणाराला होणारा. त्यात मधे काळी खपली, भोवती पाण्याचे फोड, दुखणे जवळजवळ नाही, आणि काचेवर पुवाच्या पेशी थोड्या पण जाड काठ्यांसारखे जंतू रांगेने. इंग्लंडमध्ये १९०६ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात धंद्यापासून होणारे सहा रोग प्रथम नमूद झाले, त्यांत अँथ्रॅक्स होता. आपल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातही तो आला. तेव्हा कातडी कमावणाऱ्या मजुराच्या हातावरची काळपुळी ह्या दोहोंपैकी कोणती, ह्या प्रश्नावर त्याच्या कुटुंबाचा हक्क अवलंबून राहिला. मालकाचा वकील म्हणणार, साधे गळू होते. त्याला उत्तर देणारा साक्षीदार एकच, फोडातल्या पाण्याची काचपट्टी. आणि तीही औषध पोटात जाण्यापूर्वी घेतलेली, कारण नंतर जंतू सापडत नाहीत. मायसेटोमाला असले भाग्य मिळाले नाही. अनवाणी शेतमजुराला मालक अनेक, हजेरीपट नाही, आणि काटा कोणाच्या बांधावर मोडला हे सिद्ध करायचे कसे?

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाची गणना उपेक्षित रोगांत केली, म्हणजे कार्टरच्या पहिल्या निबंधानंतर एकशे छप्पन्न वर्षांनी. ह्या रोगावर सर्वांत जास्त काम झाले ते सुदानची राजधानी खार्तुम येथल्या संशोधन केंद्रात. ते १९९१ साली सुरू झाले, त्याने हजारो रोगी तपासले, बुरशीच्या दाण्यावर नव्या औषधाची चाचणी पुरी केली, आणि २०२३ मध्ये पेटलेल्या यादवी युद्धात ते उद्ध्वस्त झाले.

आपल्या पारोळ्याहून धुळ्याला किंवा जळगावला जाणे आज अवघड राहिलेले नाही, आणि दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पण नमुना नीट पोचला पाहिजे. कापसाच्या बोळ्याने वरवर पुसलेला पू बहुधा निरुपयोगी ठरतो. छिद्राच्या तोंडावरची घाण धुऊन, आतून येणारा पू सुईने किंवा दाबून घ्यावा लागतो, आणि औषध सुरू करण्याआधी घ्यावा लागतो. दाणे त्या वेळी पडलेच नाहीत तर एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. रात्री छिद्रावर स्वच्छ जाळीदार पट्टी बांधून ठेवतात. सकाळी ती हलक्या हाताने सोडतात, आणि केराच्या डब्यात न टाकता उजेडात धरून पाहतात. जाळीच्या धाग्यांत अडकलेले दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, काळे असोत, पांढरे असोत, तांबडे असोत. ते चिमट्याने उचलून मिठाच्या निर्जंतुक पाण्याच्या लहानशा बाटलीत टाकतात, बाटलीवर रोग्याचे नाव लिहितात, आणि पहिल्या गाडीने पाठवितात.